झुनिल्दाच्या घराचं वजन

बेटावरच्या आमच्या पुंता लिउके गावात घरं चालतात. यात विशेष काही नाही. घर लाकडाचं असतं, जमिनीत रुतलेलं नसतं. खाली दोन लांब ओंडके बसवायचे, पुढे बैल जुंपायचे, बाकीच्यांनी दोर धरायचे, की घर निघालं. याला आम्ही मिंगा म्हणतो. झुनिल्दा बार्रियाचं घर तर साठ सालच्या भूकंपानंतर एकदा असंच चालून आलेलं होतं. त्यामुळे त्याला सवय असणार, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

गेल्या हिवाळ्यात, जो आमच्याकडे जूनमध्ये सुरू होतो, समुद्राने कडा खायला घेतला. झुनिल्दाच्या स्वयंपाकघराच्या दारापासून कड्याच्या टोकापर्यंत जूनमध्ये अकरा पावलं होती, ऑगस्टच्या शेवटी चार उरली. शेवटची दोन पावलं झुनिल्दाने स्वतः मोजली नाहीत. ती तिच्या एका कोंबडीने मोजली, आणि ती कोंबडी परत आली नाही.

सरकारकडे अशा घरांसाठी योजना होती. हवामान बदलामुळे ज्यांचं घर धोक्यात आहे त्यांना खाडीपलीकडच्या चढावर जमिनीचा तुकडा मिळणार, त्यावर सिमेंटचं नवं घर मिळणार, आणि जुनं घर पाडलं जाणार. पाडायचं अशासाठी, की नाहीतर माणसं पावसाळी दिवसांत नव्या घराला कुलूप लावून जुन्यात जाऊन राहतात. हे सरकारच्या बरोबर लक्षात आलं होतं. पाडण्याचं कंत्राटसुद्धा देऊन झालं होतं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी यंत्र येणार होतं.

झुनिल्दा अडुसष्ट वर्षांची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुली मुख्य भूमीवर. तिने कचेरीत जाऊन एवढंच सांगितलं, "मला जमीन द्या. घर माझं मी घेऊन येते."

कचेरीची काही हरकत नव्हती. फक्त एक तक्ता भरायचा होता.

इथे माझा संबंध येतो. मी गावच्या रहिवासी मंडळाचा सेक्रेटरी आहे. हे पद मला मिळालं, कारण निवडीच्या सभेला मी उशिरा पोचलो. गावातले सगळे तक्ते माझ्याकडे येतात. हा मात्र एक इंजिनिअर मुलगी स्वतः घेऊन आली. रेनाता तिचं नाव, राजधानीहून, सांतियागोहून आलेली, पायात नवे बूट. झुनिल्दाच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी आम्ही चौघं बसलो होतो: झुनिल्दा, रेनाता, मी आणि कुस्तोदिओ नावेलकिन. कुस्तोदिओकडे गावातली सगळ्यात तगडी बैलजोडी आहे, आणि हे तो कुणाला विसरू देत नाही. मिंगा ठरली होती दहा दिवसांनंतरच्या शनिवारी, कारण त्या दिवशी मोठी ओहोटी होती आणि खाडीचा तळ चार तास उघडा राहणार होता. त्यानंतरची तेवढी ओहोटी महिन्याने. तोवर पाडायचं यंत्र येऊन गेलेलं असणार.

"या तक्त्यात घराच्या मागे किती साहित्य खर्च झालं ते लिहायचं," रेनाता म्हणाली. "म्हणजे बघा, सिमेंटचं एक पोतं हे नुसतं पोतं नसतं. त्यामागे फोडलेला डोंगर असतो, जाळलेला कोळसा असतो, जहाजाचं तेल असतं. आजवर त्याचा बोजा डोंगर ज्यांचा त्यांच्या नावावर पडायचा. आता आम्ही तो वापरणाऱ्याच्या नावावर टाकतो."

"बरोबर करता," झुनिल्दा म्हणाली. "माझ्याकडेपण जो जेवतो तोच ताट धुतो. सेक्रेटरी सोडून."

"तर नव्या घराला किती साहित्य लागणार?"

"नवं कुठलं? हेच आहे की."

"बरं, याच्या भिंती?"

"आलेर्सेच्या लाकडाच्या."

"झाड कधी तोडलं?"

"माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी. सासरे तेव्हा पाळण्यात होते."

रेनाताने बोटांवर काही हिशेब केला आणि शून्य लिहिलं. छपराचे पत्रे? तेच. खिडक्या? त्याच. खालचे ओंडके? होड्या बांधणाऱ्याकडून एक दिवसापुरते आणायचे, परत द्यायचे. शून्य. शून्यांची रांग बघून मुलीचा चेहरा उजळत चालला होता. "झुनिल्दाबाई, असा तक्ता मी आजवर पाहिला नाही," ती म्हणाली.

"आमच्याकडे सगळंच चांगलं असतं," कुस्तोदिओ म्हणाला.

"आता आर्थिक बाजू. मजुरी किती धरू?"

झुनिल्दाने कुस्तोदिओकडे पाहिलं आणि चुलीत एक लाकूड सरकवलं.

"बरं, बैलांचं भाडं?"

कुस्तोदिओने खिडकीतून बाहेर पाहिलं. बैल कुंपणापाशी उभे होते. त्यांनी ऐकलं तर नाही ना, अशी ती नजर होती. "माझ्या बैलांचं?" त्याने विचारलं. "भाडं?"

"मिंगाला कुणी पैसे घेत नाही, पोरी," झुनिल्दाने सांगितलं. "मी दारोदार जाऊन विनंती करते, ते येतात, मी जेवू घालते. संपलं."

"जेवण!" रेनाता म्हणाली. तिला काहीतरी सापडलं होतं. "ते धरायला हवं. किती माणसं?"

दीडशे माणसं. मग जेवण लिहून झालं: बटाटे दोनशे चाळीस किलो, शिंपल्या-कालवं तीनशे, डुकराचं मटण एकशे साठ, मेंढीचं साठ, जळण तीनशे ऐंशी. खड्ड्यात तापवून ज्यांवर हे सगळं शिजतं त्या दगडांवरून थोडा वाद झाला. पण दगड दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर परत जातात असं मी लिहून दिलं, तेव्हा ते सुटले. एकूण अकराशे चाळीस किलो.

"सिमेंटच्या घराला किती होतात?" मी विचारलं.

"बावन्न टन."

"मग झालंच की."

"थांबा, अजून भागायचंय," रेनाता म्हणाली. "नुसतं वजन नाही बघत. एका पेसोच्या आर्थिक उलाढालीमागे किती ग्रॅम साहित्य लागलं, ते बघतात. सिमेंटच्या घराला पाच कोटी वीस लाख पेसो लागतात, म्हणजे पेसोमागे एक ग्रॅम. दोन ग्रॅमपर्यंत असलं की हिरवं, की जमिनीचा कागद मिळतो. आता तुमचं बघू. अकराशे चाळीस किलो भागिले..."

तिने हातातल्या संगणकाच्या पाटीवर बोट टेकवलं आणि ते उचललंच नाही. पाटी लाल झाली. झुनिल्दाने चष्मा लावून वाकून पाहिलं.

"हा आठ आडवा का पडलाय?"

"तो आठ नाही. अनंत." रेनाताचा आवाज बारीक झाला. "शून्याने भागलं ना आपण."

"म्हणजे किती ग्रॅम?"

"म्हणजे... मोजता येणार नाहीत इतके."

झुनिल्दाने जरा विचार केला. ती शिकलेली फार नाही, पण मेंढ्या विकून तिने दोन मुलींना नर्स केलंय. "म्हणजे मी बावन्न टन आणून त्यावर पाच कोटी उडवले तर मी चांगली, आणि दीडशे माणसं जेवू घातली तर मी वाईट?"

"तसं नाही हो. ते गुणोत्तर आहे."

"किती उडवले तर चालेल?"

रेनाताने प्रामाणिकपणे हिशेब केला. "पाच लाख सत्तर हजार पेसो."

झुनिल्दाकडे तेवढे नव्हते. असते तरी ते द्यायचे कुणाला, हा प्रश्न होताच. रेनाता निघून गेली. जाताना म्हणाली, तक्ता पुढच्या शुक्रवारपर्यंत उघडा आहे, काही सुचलं तर कळवा.

मला सुचलं. हे मी कबूल करतो. पाच लाख सत्तर हजाराला बाराने भागलं तर सत्तेचाळीस हजार पाचशे येतात, आणि आमच्या बैलजोड्या बरोबर बारा होत्या. मी घरी बसून बारा नावं लिहिली, प्रत्येकापुढे आकडा लिहिला, फोन नंबर लिहिले आणि यादी रेनाताला पाठवून दिली. कुणी पैसे देणार नव्हतं, कुणी घेणार नव्हतं, सगळं कागदावरच राहणार होतं. रेनाताला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, गाव ताळ्यावर आलं. मला वाटलं, मी एक घर वाचवलं. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

कचेरी मात्र कामसू निघाली. मंगळवारी सकाळी तिथल्या एका मुलीने बाराही जणांना फोन लावले.

कुस्तोदिओ माझ्या दारात आला तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढली नाही. आमच्याकडे यावरून काय ते समजतं.

"काय हो सेक्रेटरी, माझा भाव सत्तेचाळीस हजार पाचशे का?"

"कागदावर फक्त हो."

"एक पोरगी विचारतेय, झुनिल्दाबाईंच्या मजुरीसाठी खातं नंबर सांगा. माझी बायको शेजारी उभी! वरचे पाचशे कशाचे? बैलांचे की माझे?"

"कुस्तोदिओ, ते भागाकारातून आले."

"माझ्या आईचं घर ओढलं तेव्हा झुनिल्दाच्या नवऱ्याची दोन बोटं ओंडक्याखाली गेली. पावसात. तो दुसऱ्या हाताने ओढत राहिला. त्या बोटांचे किती धरलेत भागाकारात?"

मी त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"मी मजूर नाही," तो म्हणाला. "मजूर हवा असेल तर शहरात क्रेन मिळते." आणि गेला.

संध्याकाळपर्यंत बारापैकी सात जोड्या गळाल्या होत्या. पाच जोड्यांनी झुनिल्दाचं स्वयंपाकघरसुद्धा हललं नसतं. त्यात गावात अशी बातमी की झुनिल्दाला मुलींकडून पैसे आले आहेत आणि आता ती गावाला रोजावर ठेवतेय. ज्यांना फोन आला नव्हता ते वेगळेच रागावले होते. त्यांचं म्हणणं, आम्ही काय कमी ओढतो?

बुधवारी सकाळी झुनिल्दा माझ्याकडे आली. तिने चांगला काळा कोट घातला होता.

"सेक्रेटरी, बूट घाला."

"कुठे?"

"विनंतीला. मी आयुष्यात कधी एका दारात दोनदा विनंती केली नाही. आज तुमच्यामुळे करायची आहे. तुम्ही फक्त माझ्याबरोबर उभं राहायचं आणि काय केलंत ते सांगायचं."

"सगळ्यांना?"

"फोन सगळ्यांना गेले ना?"

बारा दारं झाली. दरेक दारात ती आधी म्हणायची, "सेक्रेटरींना काही सांगायचंय." मग मी सांगायचो की मी खोटं लिहिलं, झुनिल्दाला माहीत नव्हतं. पहिल्या दारात मी बरंच सविस्तर सांगितलं, हवामानापासून सुरुवात केली. सहाव्या दारापर्यंत ते दोन वाक्यांवर आलं. नवव्या दारातल्या म्हातारीला ऐकू कमी येतं, तिथे मला ते रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगावं लागलं. मग झुनिल्दा आपली विनंती करायची: शनिवारी माझं घर हलवायचं आहे, तुमच्याशिवाय हलणार नाही. एवढंच. हात जोडणं नाही, डोळे पुसणं नाही.

कुस्तोदिओने आम्हाला बराच वेळ दारात उभं ठेवलं. मग टोपी काढली. "सेक्रेटरींना पुन्हा एकदा सांगायला सांग," तो म्हणाला. "बायको आत होती, तिने ऐकलं नाही."

मी पुन्हा सांगितलं.

घरी आल्यावर झुनिल्दाने माझ्याच फोनवरून रेनाताला गाठलं. "पोरी, ती मजुरीची यादी फाड."

"बाई, यादी काढली तर पुन्हा अनंत येईल. लाल होईल. मग जमिनीचा कागद नाही."

"येऊ दे. आडवाच पडलाय ना तो, पडू दे."

"कागद नसताना घर तिथे नेलंत तर ते बेकायदा ठरेल. ते तिथेही पाडतील."

"इथे पहिल्या सोमवारी पाडतील, तिथे निदान नोटीस देऊन पाडतील," झुनिल्दा म्हणाली. "मला तेवढे दिवस मिळतात."

शनिवारी बाराही जोड्या आल्या. रेनाताही आली, काटा घेऊन. तक्त्यातलं वजन अंदाजाने लिहिलं होतं, ते प्रत्यक्ष मोजायला हवं, असं तिचं म्हणणं. खड्ड्याभोवती बसलेल्या बायकांनी बटाट्यांचं पोतं काट्याला टांगू दिलं, पण डुकराच्या वेळी त्यांचा संयम संपला. "अगं, शिजल्यावर मोज," एक जण म्हणाली, "म्हणजे चव पण बघता येईल."

झुनिल्दाने घरातली भांडी काढली नव्हती, चूलही विझवली नव्हती, कारण वाटेत माणसांना कॉफी लागणार. तेव्हा घर निघालं ते धुराड्यातून धूर सोडत. बैल पुढे, दोर धरलेली माणसं दोन्ही बाजूंना, मागून छोटे आडवे ओंडके उचलून पुढे टाकणारे आठ जण. कुरणातून उतारावर आणि उतारावरून खाडीत, इथवर एक काच फुटली, बाकी काही नाही. रेनाता काटा घेऊन बाजूने चालली होती. झुनिल्दाने तिच्या हातातला काटा काढून घेतला आणि दोर दिला. "मोजून झालं असेल तर हे धर, पोरी. मोकळ्या हाताने मिंगात फिरत नाहीत."

खाडीच्या मध्यावर डावा ओंडका चिखलात गेला. घर तिरकं झालं आणि थांबलं. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. पाणी परतायला तासभर होता. दोनदा ओढून पाहिलं. दुसऱ्यांदा एक दोर तुटला आणि सहा माणसं एकमेकांवर पडली, त्यात सगळ्यात खाली इंजिनिअर. मग कुस्तोदिओने आपली जोडी मधून सोडवून डाव्या बाजूला एकटी जुंपली, ओंडक्याखाली रिकाम्या शिंपल्यांच्या टोपल्याच्या टोपल्या ओतायला लावल्या, आणि बैलांच्या कानात काहीतरी बोलला. काय बोलला ते तो कधीच सांगत नाही. तिसऱ्या ओढीला घर वर आलं. पलीकडच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा पाणी मागच्या माणसांच्या घोट्यापर्यंत होतं.

तीन वाजता घर चढावर, सरकारी तुकड्याच्या मधोमध उभं होतं. मग सगळे जेवले. रेनाताने तिच्या बुटांतला चिखल काढला आणि तीन वाडगे जेवली. वजन अकराशे चाळीसच भरलं. झुनिल्दाच्या अंदाजात दोन किलोचासुद्धा फरक नव्हता.

बुधवारी नोटीस आली. विनापरवाना बांधकाम, तीस दिवसांत हटवावं. सोबत तक्त्याचा निकाल होता. देशभरातल्या स्थलांतरित घरांमध्ये झुनिल्दाच्या घराचा क्रमांक शेवटचा होता. आमच्या वर, शेवटून दुसरा, एक समुद्रकाठचा बंगला होता, ज्याच्या फरश्या इटलीहून आणल्या होत्या. झुनिल्दाने नोटीस घडी करून बशीखाली ठेवली. तिने काही सामान बांधलं नाही, पण त्या आठवड्यात पडदेही लावले नाहीत.

मग ऑक्टोबरचा पहिला सोमवार आला आणि पाडायचं यंत्र आलं. कंत्राटदाराचं नाव बेलार्मिनो ओयार्सो. मोठा ट्रक, त्यावर खोदायचं यंत्र, सोबत दोन माणसं. काम झाल्याची सही करायला रेनाता आली होती, आणि गावाचा सेक्रेटरी म्हणून मी. जुन्या जागी घराच्या आकाराचा पिवळ्या गवताचा चौकोन होता. बेलार्मिनो त्याच्याभोवती एक फेरी मारून आला.

"घर कुठंय?"

"पलीकडे," मी बोट दाखवलं. खाडीपलीकडे धुराड्यातून धूर निघत होता.

"चालत गेलं?"

"बैलांनी नेलं."

"म्हणजे मी दोनशे किलोमीटर यंत्र आणलं ते गवत पाडायला?" तो रेनाताकडे वळला. "ताई, माझी चूक नाही. जागा मोकळी हवी होती ना, मोकळी आहे. करा सही."

"न केलेल्या कामावर मी सही करणार नाही," रेनाता म्हणाली. "एकदा खोटी यादी पुढे पाठवलीय मी. पुन्हा नाही."

मी दुसरीकडे पाहिलं. दुसरीकडे झुनिल्दा हातगाडी ढकलत येत होती.

"तू इकडे कशाला?" मी विचारलं.

"संडासाच्या फळ्या न्यायला. घर नेलं, संडास राहिला. तिथे मी नऊ दिवस झुडपांत जातेय."

तेव्हा आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. चौकोनाच्या मागे, कड्यापासून हातभर अंतरावर, तो उभा होता. दरवाजा समुद्राकडे उघडलेला. इतका तिथलाच, की बेलार्मिनोने चौकोनाभोवती फेरी मारूनही तो त्याला दिसला नव्हता.

रेनाताने कंत्राट काढलं आणि वाचू लागली. आधी मनात, मग मोठ्याने: "सदर पत्त्यावरील सर्व बांधकाम पाडून जागा मोकळी करणे." तिने वर पाहिलं. "झुनिल्दाबाई, हे बांधकाम आहे?"

"मग काय झाड आहे?"

"आणि पत्ता?"

"पत्ता घराचाच. पोस्टमन काय दोन वेगळी पत्रं टाकतो?"

बेलार्मिनो माणूस चटकन समजणारा. तो यंत्राकडे धावला. पण झुनिल्दा हातगाडी सोडून संडासाच्या दारात जाऊन उभी राहिली. "यंत्र लावायचं नाही. फळ्या आलेर्सेच्या आहेत. तुटली एक जरी, तर मी तुला आत बसवून पाडीन."

"मावशी, मग मी काय करू?"

"खिळे काढ. एक-एक. आणि फळ्या तुझ्या ट्रकमधून माझ्याकडे पोचव. हातगाडीने मला चार खेपा पडतील."

बेलार्मिनोने खिळे काढले. त्याची दोन माणसं फळ्या रचत होती, खोदायचं यंत्र ट्रकवर उभं होतं, आणि आम्ही वाऱ्याकडे पाठ करून उभे होतो. पस्तीस मिनिटं लागली. रेनाताने सही केली आणि उंबरठ्याच्या दगडावर बसून पाटी उघडली. नियमच असा होता की पाडकामाची सही झाली की तक्ता पुन्हा उघडतो आणि एका पत्त्यावरचा सगळा खर्च त्या एकाच तक्त्यात जातो. वजनात तिने ट्रकचं डिझेल मिळवलं, पन्नास किलो. खर्चात पाडण्याचं कंत्राट घातलं: तेवीस लाख ऐंशी हजार पेसो. पाटी हिरवी झाली.

"अर्धा ग्रॅम," ती म्हणाली.

"चांगलं आहे की वाईट?" झुनिल्दाने विचारलं.

"सिमेंटच्या घराच्या निम्मं. बहुतेक देशात पहिला क्रमांक येईल." ती पाटीकडे बघतच राहिली होती. "यात एक अक्षर खोटं नाही. काम होतं, ते झालं, त्याचे पैसे दिले. बाई, हे पेसोने भागायचं सूत्र माझ्या प्रबंधातलं आहे. मीच सुचवलेलं. पाच परीक्षक होते, एकानेही विचारलं नाही की खाली शून्य आलं तर काय."

"त्यातला कुणी मिंगाला गेला नसेल," झुनिल्दा म्हणाली. "चल, ट्रकमध्ये पुढे बस. तिकडे मेंढीचा रस्सा आहे. आणि हा बेलार्मिनो पण जेवेल, पण तो ताट धुईल. त्याला पैसे मिळालेत."

तीन आठवड्यांनी जमिनीचा कागद आला. झुनिल्दाने तो दोनदा वाचला, नाव बरोबर आहे का ते बघितलं, आणि त्या दिवशी पडदे लावले.

रेनाताने सांतियागोला नऊ पानी अहवाल पाठवला. मी तो वाचला आहे. त्यात तिने लिहिलं होतं की जुनं घर जपून वापरणं आणि एकमेकांना फुकट मदत करणं यांना हे सूत्र गुन्हा ठरवतं, तेव्हा पेसोने भागणं बंद करून नुसतं वजन बघावं. अहवाल चांगला होता. उत्तरही वेळेवर आलं. चार ओळींचं परिपत्रक, देशातल्या सगळ्या किनारी कचेऱ्यांना: पुंता लिउके येथील उत्कृष्ट निकाल लक्षात घेता, यापुढे मिंगा पद्धतीने होणाऱ्या प्रत्येक स्थलांतरात किमान एक लहान बांधकाम पाडण्याचा खर्च समाविष्ट करावा.

कडा अजून खचतोच आहे. आता पाळी कुस्तोदिओची आहे. त्याच्या कोठाराच्या मागे सात पावलं उरली आहेत. गेल्या रविवारी तो झुनिल्दाच्या दारात आला, टोपी हातात घेऊन. मी आत माते नावाच्या आमच्या कडवट चहाचा प्याला घेऊन बसलो होतो.

"मार्चमध्ये घर हलवायचं आहे," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय हलणार नाही."

"माझ्याकडे कुठे बैल आहेत?"

"बटाटे सोलायला ये. आणि सेक्रेटरींना यादी करू देऊ नकोस."

"येईन," झुनिल्दा म्हणाली. "पण पाडायला काय आहे तुझ्याकडे? तुझा संडास तर घरात आहे."

कुस्तोदिओने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बाहेर एक बांधतोय," तो म्हणाला.

"कशाचा?"

"सिमेंटचा. दोन पोती आणलीत."

"अरे मूर्खा, फळ्यांचा बांध," झुनिल्दा म्हणाली. "सिमेंटचं वजन तुझ्या नावावर पडतं."